एक दोरा की दोन? सारकॉइडोसिस आणि थकलेली मज्जा

साहित्य मंडळाच्या अंकात आजारावर लेख पाहून काही जणांना वाटेल की पान चुकलं. पण या अंकात प्रत्येकाने एक तरी अवघड गोष्ट सोप्या मराठीत मांडायची असं ठरलं आणि माझ्या वाट्याला ही आली. आली म्हणण्यापेक्षा मीच मागून घेतली. कारण आपल्या बालाघाटात दोन वाक्यं फार ऐकू येतात. एक, "रक्त कमी आहे". दुसरं, "छातीत डाग आहे". हिंदीत ऐका नाहीतर मराठीत, दवाखान्याच्या बाकावर ही दोन वाक्यं रोजची. गंमत अशी की दोन्ही वाक्यं आजाराची नावं नाहीत. आजाराने ठेवलेल्या खुणा आहेत. नाव पुढे शोधायचं असतं.

या दोन्ही खुणा एकाच माणसात सापडल्या तर काय? छातीचा आजार आणि रक्ताचा आजार यांना बांधणारा एकच दोरा आहे, की दोन वेगळे दोरे योगायोगाने एकाच गाठोड्यात आले? हा प्रश्न पुस्तकी वाटतो. पण याच्या उत्तरावर औषध सुरू करायचं की बंद करायचं हे ठरतं. सारकॉइडोसिस नावाचा आजार आणि अस्थिमज्जेचं निकामी होणं यांच्यातले संभाव्य दुवे मी त्यासाठीच समजावून घेतले. ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी शब्द बघू

आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा सुरुवात शब्दापासूनच. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस, देह. मूळ ग्रीक नव्या करारातही देहासाठी हाच शब्द येतो. 'सारकॉइड' म्हणजे मांसल गाठीसारखं दिसणारं. नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोएक यांनी १८९९ मध्ये त्वचेवरच्या काही गाठींचं वर्णन करताना हा शब्द वापरला. त्या गाठी त्यांना सार्कोमा या कर्करोगासारख्या दिसल्या, पण तेवढ्या घातक वाटल्या नाहीत. त्यांच्याही आधी, १८७७ मध्ये, लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी असाच एक त्वचेचा रुग्ण नोंदवला होता. म्हणजे आजार आधी कातडीवर ओळखला गेला. तो फुप्फुसात, गाठींमध्ये, डोळ्यांत, यकृतात, हृदयात आणि मज्जातंतूंतही असतो हे नंतर कळत गेलं. आज आपल्याला माहीत आहे की दहातल्या नऊ रुग्णांत फुप्फुस किंवा छातीतल्या लसीका ग्रंथी यांत तो असतोच.

या आजारात नेमकं होतं काय? शरीराला एखादी गोष्ट परकी वाटली, पण ती मारूनही टाकता येत नाही आणि बाहेरही फेकता येत नाही, तर प्रतिकार करणाऱ्या पेशी तिच्याभोवती कडं करून बसतात. आपल्याकडे शेतात साप निघाला की माणसं काठ्या घेऊन गोल उभी राहतात ना, तसं. या कड्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. लॅटिनमधल्या 'लहान दाणा' या शब्दावरून ते नाव आलं. सारकॉइडोसिसमध्ये असे दाणे ठिकठिकाणी तयार होतात, पण मधला साप काही सापडत नाही. कशामुळे हे कडं झालं, हे कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही. बऱ्याच रुग्णांत दोन-तीन वर्षांत दाणे आपोआप विरून जातात. काहींत मात्र ते राहतात आणि अवयवाला व्रण पाडतात.

दुसरा शब्द 'मज्जा'. आयुर्वेदातले सप्तधातू शाळेत पाठ केले असतील: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. या क्रमात रक्त दुसरं आणि मज्जा सहावी. आधुनिक शास्त्राने हा क्रम उलटा केला. १८६८ मध्ये जर्मनीचे अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीचे जुलिओ बिझ्झोझेरो यांनी दाखवलं की रक्तपेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. तोवर ते काम यकृताचं किंवा प्लीहेचं मानलं जाई. मोठ्या माणसात हा कारखाना मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांत चालतो. दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तिथून बाहेर पडतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस आणि जंतूंशी लढणाऱ्या बऱ्याच पांढऱ्या पेशी तर दिवसभरही रक्तात टिकत नाहीत. यावरून एक लक्षात येईल. कारखाना बंद पडला तर सर्वांत आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, आणि फिकेपणा सावकाश येतो. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे-लाल ठिपके आणि दम लागणं, ही त्याची चिन्हं.

कारखाना पूर्ण ओस पडतो त्या अवस्थेला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका गरोदर तरुणीचं शवविच्छेदन नोंदवलं. तिच्या मज्जेत पेशींच्या जागी नुसती चरबी होती. मारी क्युरी १९३४ मध्ये गेल्या त्या याच आजाराने. पाश्चात्त्य देशांत हा आजार दर दहा लाख लोकांत वर्षाला साधारण दोघांना होतो आणि आशियात त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे दुर्मिळच. सारकॉइडोसिसही फारसा ऐकिवात नसतो. दोन दुर्मिळ गोष्टी एकाच माणसात दिसल्या की डॉक्टर थबकतो. हा योगायोग की नातं?

आपल्या भागातली अडचण

पुस्तकात प्रश्न एवढाच असतो. बालाघाटात तो गुंतागुंतीचा होतो, कारण इथे दोन्ही खुणांना आधीच अनेक दावेदार आहेत.

छातीतल्या डागाचा पहिला दावेदार टीबी. टीबीतही ग्रॅन्युलोमाच होतात. फरक असा की टीबीच्या दाण्याचा मधला भाग सडून पनीराच्या चुऱ्यासारखा होतो आणि सारकॉइडोसिसच्या दाण्यात सहसा तसं होत नाही. पण 'सहसा' हा शब्द महत्त्वाचा. टीबीचे काही दाणेही न सडलेले असतात. एक्स-रेवर दोघे चुलत भावांसारखे दिसतात. ताप, खोकला, वजन घटणं, गळ्याला गाठी, हेही सारखंच. म्हणून भारतात सारकॉइडोसिसच्या कित्येक रुग्णांना आधी टीबीची औषधं दिली जातात. डॉक्टरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण ज्या देशात टीबी एवढा आहे तिथे आधी तोच आठवणार. आता मदतीला थुंकीतून किंवा गाठीच्या नमुन्यातून टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचण्या आहेत. त्यातली ट्रूनॅट ही तर गोव्याच्या मोलबायो कंपनीची. छोट्या बॅटरीवर चालणारं यंत्र असल्याने ते लहान दवाखान्यातही ठेवता येतं. मांटूची सुई टोचण्याची जुनी चाचणीही काही सांगून जाते. सारकॉइडोसिसमध्ये ती बहुतेक वेळा उठत नाही.

दुसरा दावेदार धूळ. आपल्या जिल्ह्यात भरवेलीला आणि उकव्याला मँगनीजच्या खाणी, मलाजखंडला तांब्याची. दगडाच्या बारीक धुळीतलं सिलिका फुप्फुसात बसलं की सिलिकोसिस होतो. त्यातही छातीतल्या ग्रंथी सुजतात, फुप्फुसात गाठी दिसतात. बेरिलियम नावाच्या धातूने होणारा आजार तर सूक्ष्मदर्शकाखाली सारकॉइडोसिसपासून वेगळा ओळखूच येत नाही. म्हणून चांगला डॉक्टर विचारतो, "काम काय करता? आधी काय करत होता?"

आता रक्ताच्या बाजूचे दावेदार. बैहर, बिरसा, लांजीकडच्या जंगलपट्ट्यात मलेरिया जुना. तो तांबड्या पेशी फोडतो आणि पानथरी वाढवतो. सिकलसेल आपल्याकडे आणि पलीकडे विदर्भातही घराघरात माहीत आहे. त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झालं. लोहाची कमतरता तर सर्वत्र. आणि एक दावेदार लोक विसरतात, तो म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट यांची कमतरता. तिच्यात तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी होतात आणि मज्जा निकामी झाल्यासारखाच रिपोर्ट येतो. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत तिन्ही पेशी कमी होण्याचं हे एक मोठं कारण आहे. इलाज इंजेक्शनं आणि गोळ्या, तोही स्वस्त.

सिकलसेलवरून एक गोष्ट सांगतो, कारण मज्जा थांबते म्हणजे काय हे तिच्यातून छान कळतं. पार्वोव्हायरस बी-१९ नावाचा एक विषाणू आहे. तो मुलांच्या गालांवर लाली आणतो आणि निघून जातो. जाता जाता मज्जेतलं तांबड्या पेशींचं उत्पादन आठवडाभर बंद पाडतो. निरोगी माणसाच्या पेशी १२० दिवस जगतात, त्याला हा आठवडा जाणवतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी दहा-वीस दिवसच जगतात, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन धाडकन खाली येतं आणि रक्त चढवावं लागतं. विषाणू एकच, परिणाम दोन. कुठल्याही दुव्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हवं. कारण एकटं काम करत नाही. ते कोणाच्या शरीरात शिरलं यावर बरंच अवलंबून असतं.

दुवे कोणते असू शकतात?

समजा टीबी, मलेरिया, सिकलसेल, ब-१२, सगळं तपासून झालं. गाठीच्या बायोप्सीवरून सारकॉइडोसिस पक्का झाला आणि रक्तात तिन्ही पेशी कमी आहेत. आता काय काय शक्यता उरतात?

पहिली शक्यता सरळ आहे. दाणे मज्जेतच शिरले. तसं होतं, पण मज्जेचा एवढा भाग दाण्यांनी व्यापला जावा की कारखानाच बंद पडावा, हे फार विरळा. शिवाय मज्जेत दाणे दिसले म्हणजे सारकॉइडोसिसच असं नाही. टीबी, टायफॉइड, कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला, काळा आजार आणि लिम्फोमा यांतही मज्जेत दाणे होतात.

दुसरी शक्यता, कारखाना ठीक आहे, गोदामात गडबड आहे. सारकॉइडोसिसमध्ये पानथरी वाढू शकते. वाढलेली पानथरी रक्तपेशी अडवून ठेवते आणि मोडून टाकते. रिपोर्टात पेशी कमी, पण मज्जेत पाहावं तर काम दुप्पट जोरात. याला मज्जा निकामी होणं म्हणता येत नाही. मलेरियाच्या पट्ट्यात तर पानथरी कशामुळे वाढली हेही आधी बघावं लागतं. याच गटातली आणखी एक गोष्ट म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. सारकॉइडोसिसच्या रुग्णांच्या रक्तात त्या अनेकदा कमी असतात. त्या मेलेल्या नसतात. त्या दाण्यांभोवती कडं करून बसायला गेलेल्या असतात.

तिसरी शक्यता, जुनाट सुजेचा रक्तक्षय. शरीरात दीर्घकाळ सूज राहिली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. त्यामुळे लोह साठ्यात पडून राहतं, मज्जेपर्यंत पोचत नाही. कोठीत धान्य आहे पण किल्ली सापडत नाही, अशी स्थिती. अशा वेळी लोहाच्या गोळ्या घेऊन फारसा फरक पडत नाही, मूळ सूज कमी करावी लागते.

चौथी शक्यता सर्वांत विचार करायला लावणारी. दोन्ही आजारांच्या मुळाशी एकाच प्रकारचं बंड असू शकतं. अप्लास्टिक ॲनिमिया म्हणजे मज्जेतलं बियाणंच संपलं असं पूर्वी वाटे. १९७० मध्ये पॅरिसच्या जॉर्ज माथे यांच्या लक्षात वेगळंच आलं. काही रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देण्याआधी त्यांच्या लिम्फोसाइट दाबणारं औषध दिलं होतं. दिलेली मज्जा रुजली नाही, तरी रुग्णांची स्वतःचीच मज्जा पुन्हा काम करू लागली. म्हणजे बियाणं थोडं शिल्लक होतं आणि स्वतःच्याच टी-पेशी त्याला उगवू देत नव्हत्या. आज या आजारात घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन, सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रॉम्बोपॅग ही औषधं याच कारणासाठी देतात. या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही रसायनं सोडतात, आणि ती मूळ पेशींना मारक ठरतात. आता सारकॉइडोसिसचे दाणे कोण बांधतं? टी-पेशीच. कोणत्या रसायनांच्या जोरावर? इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ. एकाच घरातली हत्यारं दोन ठिकाणच्या मारामारीत सापडावीत तसं हे आहे. दोन्ही आजार एकत्र असलेले थोडे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत, ते या अंगाने वाचले जातात. पण हत्यार एक म्हणून गुन्हेगार एक, असं न्यायालयही मानत नाही. थोड्या नोंदींवरून नातं सुचवता येतं, ठरवता येत नाही. म्हणून 'संभाव्य' हा शब्द इथे शोभेचा नाही, त्याला काम आहे.

मज्जा आणि सारकॉइडोसिस यांचं नातं सुचवणारी एक वेगळीच नोंद १९९४ मधली आहे. सारकॉइडोसिस असलेल्या दात्याची मज्जा दिल्यानंतर घेणाऱ्या रुग्णातही सारकॉइडोसिस दिसू लागला. दात्याच्या प्रतिकारपेशींसोबत आजाराचा कलही गेला असावा, असा त्याचा एक अर्थ लावतात.

पाचवी शक्यता, दोन्हींमागे तिसराच कोणी. डेन्मार्कचे हान्स ब्रिंकर यांनी १९८६ मध्ये सारकॉइडोसिस आणि लिम्फोमा एकामागोमाग येणाऱ्या रुग्णांकडे लक्ष वेधलं. काही वेळा कर्करोगाच्या आसपासही हुबेहूब तसेच दाणे तयार होतात आणि खरा शत्रू त्यांच्यामागे लपून राहतो. जन्मजात दोषही असतात. जीएटीए-२ या जनुकात बिघाड असेल तर काही पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, विचित्र जंतुसंसर्ग होतात आणि पुढे मज्जा ढासळते. हा दोष २०११ मध्ये ओळखला गेला. टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकाची टोपणं, लवकर झिजण्याचा दोष काही कुटुंबांत चालत येतो. अशा घरात एकाची फुप्फुसं कडक होतात, दुसऱ्याची मज्जा ओस पडते आणि तिसऱ्याचे केस विशीतच पिकतात. वरवर तीन आजार, आत दोरा एक. म्हणून घरातल्या इतरांबद्दल विचारणं ही गप्पा मारायची सवय नसते, ती तपासणीच असते.

सहावी शक्यता औषध

ही शक्यता शेवटी ठेवली, पण व्यवहारात ती पहिली तपासायला हवी. सारकॉइडोसिसवर आधी स्टेरॉइड देतात. ती दीर्घकाळ देणं घातक, म्हणून पुढे मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिनसारखी औषधं येतात. ही औषधं प्रतिकारपेशींची वाढ रोखतात. पण वाढणारी दुसरी सर्वांत मोठी फौज मज्जेतच असते. मेथोट्रेक्सेट फोलेटचं काम अडवतं. म्हणून सोबत फोलिक ॲसिड देतात आणि ठराविक काळाने रक्त तपासतात. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा सोबत काही ठराविक प्रतिजैविकं घेतली तर मेथोट्रेक्सेट शरीरात साचतं. अझाथायोप्रिनचं आणखी वेगळं आहे. एनयूडीटी-१५ या जनुकात थोडा फरक असलेल्या माणसात नेहमीची मात्राही मज्जा झोपवते, आणि हा फरक युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत बराच जास्त आढळतो.

हे मला पुस्तकातून कळलं त्याआधी घरातून कळलं. गोंदियाकडे राहणाऱ्या माझ्या आत्याला आधी सहा महिने टीबीची औषधं चालली. गाठ कमी होईना. मग बायोप्सी झाली आणि सारकॉइडोसिस निघाला. स्टेरॉइड झालं, नंतर मेथोट्रेक्सेट. गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी मिस्साहून आल्यावर, ती नेमाने घ्यायची. पण पहिले तीन महिने कोणी रक्त तपासायला सांगितलं नाही. तोंड आलं, ताप आला आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट ३८,००० आल्या. किमान दीड लाख असायला हव्यात. एका डॉक्टरांचं म्हणणं पडलं की आजार मज्जेत शिरला, औषध वाढवावं लागेल. दुसऱ्या म्हणाल्या, आधी औषध थांबवा. बाबा आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभे होतो. बाबा मला म्हणाले, "तू शिकलेला आहेस, सांग कोणाचं ऐकायचं." मला कुठे काय माहीत होतं! पण त्या दुसऱ्या डॉक्टरांनी जे केलं ते मी नीट पाहिलं. त्यांनी कागदावर तारखा लिहिल्या. औषध कधी सुरू, तोंड कधी आलं, जुन्या रिपोर्टांत प्लेटलेट किती. औषधाआधीचा आकडा चांगला होता. मग त्यांनी औषध थांबवलं, फोलिनिक ॲसिड सुरू केलं, ब-१२ तपासलं, ते कमी होतं, तेही दिलं. कमरेच्या हाडातून मज्जा काढून पाहिली. पेशी कमी होत्या, पण दाणे नव्हते, टीबी नव्हता, कर्करोग नव्हता. दोन आठवड्यांत आकडे चढू लागले. आत्याच्या बाबतीत दोरा औषधाचा निघाला.

उत्तर एवढं महत्त्वाचं का?

कारण प्रत्येक उत्तराचा इलाज वेगळा आहे, आणि काही तर एकमेकांच्या अगदी उलट. दाणे मज्जेत शिरले असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवावं लागेल. औषधानेच मज्जा झोपली असेल तर तेच औषध थांबवावं लागेल. दाणे टीबीचे असतील आणि नुसतं स्टेरॉइड दिलं तर टीबी वणव्यासारखा पसरेल. अप्लास्टिक ॲनिमिया असेल तर वेगळीच औषधं, किंवा मज्जारोपण. ब-१२ कमी असेल तर काही रुपयांची इंजेक्शनं. चुकीच्या दोऱ्याला धरून ओढलं तर गाठ आणखी आवळते.

मग निवडायचं कसं? मला समजलं ते असं. एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आधी काय झालं हे बघायचं. संशयित कारण काढून घेतल्यावर परिणाम ओसरतो का हे बघायचं. प्रत्यक्ष जागेवर, म्हणजे मज्जेत, पुरावा आहे का हे बघायचं. आणि साधी, बरी होणारी कारणं आधी तपासायची, दुर्मिळ कारणं नंतर. आपण कवितेचा अर्थ लावतानाही जवळपास हेच करतो. मनात आलेला अर्थ छान वाटला तरी ओळींत त्याला आधार आहे का, हे बघितल्याशिवाय सर मान्य करत नाहीत.

आपण काय करू शकतो?

तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होणार नाही बहुतेक, मीही नाही. पण घरात शिकलेला म्हणून दवाखान्यात आपल्यालाच पाठवतात. पर्ची हिंदीत, औषधाचं नाव इंग्रजीत आणि आजी विचारणार मराठीत. तिथे आपलं काम सुरू होतं. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. जुना आकडा हा फार मोठा साक्षीदार असतो. चालू असलेली सगळी औषधं दाखवा, गावातल्या वैद्याची पुडीसुद्धा. मेथोट्रेक्सेट असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हे घरच्यांना तीनदा सांगा आणि वार ठरवून पाकिटावर ठळक लिहा. रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. रक्त पुन्हा कधी तपासायचं हे विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि मनाने कोणतंच औषध बंद करू नका. स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

आणखी एक काम फक्त आपल्या वयाच्यांनाच जमण्यासारखं आहे. भारतात पहिलं मज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. त्यानंतर वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी हजारो रुग्णांना जीवदान मिळालं. पण मज्जा जुळावी लागते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. उरलेल्यांना अनोळखी दाता शोधावा लागतो आणि आपल्यासारखा वंश असलेला दाता आपल्याच देशात मिळण्याची शक्यता जास्त. दात्री ही संस्था २००९ पासून अशा दात्यांची नोंद ठेवते. वय १८ ते ५० हवं. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, सुईसुद्धा नाही. पुढे कोणाशी जुळलं तर बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून, रक्तदानासारख्याच पद्धतीने, मूळ पेशी घेतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. रक्तदान शिबिराला जोडून दात्यांची नोंदणी ठेवता येईल का, हे प्राचार्यांना विचारायचं आहे. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी बुधवारी तास संपल्यावर वाचनालयात भेटा. येताना घरातली एक जुनी रिपोर्टची फाइल आणा. तारखेप्रमाणे कशी लावायची ते तिथेच दाखवतो.